सॅक्सोफोनची लाकडी मान

ज्या पदार्थाचें वाद्य, त्या पदार्थाचा त्याचा आवाज, अशी आपली सर्वांची सहज समजूत असते. आणि तिला आधारहि आपल्या घरांतच सांपडतो. देवघरांतील घंटा कांशाची असते म्हणून ती घणघणते. तीच मातीची केली तर तिच्या नादानें शेजघरांत निजलेलें मूलहि जागें व्हावयाचें नाहीं. टाळ, झांज, जलतरंगाच्या वाट्या, तंबोऱ्याचा भोपळा, या सर्वांचा नाद त्यांच्या द्रव्यावर अवलंबून असतो हें आपण लहानपणापासून पाहत आलों. त्यामुळें पुढचें पाऊल आपण न अडखळतां टाकतों; आणि बांसरी वेळूची म्हणून गोड, सनई लाकडाची म्हणून स्निग्ध, व बिगुल पितळेचा म्हणून कर्कश, असें म्हणून मोकळे होतों.

हें पुढचें पाऊल बरोबर आहे काय, हा प्रश्न सॅक्सोफोन वाजविणाऱ्या मंडळींत एका वीतभर नळीवरून निघत असतो. सॅक्सोफोन हें बहुतेक सर्वांगानें पितळेचें वाद्य. परंतु त्याची मान, म्हणजे वादकाच्या तोंडाजवळची वांकडी, आंखूड नळी, कांहीं कारागीर लाकडाची करतात. ती बसविली असतां वाद्याचा नाद अधिक भरदार व उबदार होतो आणि फुंक घालतांच स्वर उमटतो, असें ती वापरणारे मोठ्या विश्वासानें सांगतात. ही मान वाद्याबरोबर मिळत नाहीं. ती निराळी विकत घ्यावी लागते, आणि हातानें घडविलेली असल्यामुळें ती स्वस्त नसते. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी हें वाद्य शिकत असेल, त्या घरीं हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाहीं. संसाराच्या खर्चांतून बाजूस काढलेले पैसे त्या नळींत घालावे कीं न घालावे, हें कोणाला तरी ठरवावें लागतें. तेव्हां या विषयीं शास्त्र काय सांगतें, तें सविस्तर पाहूं.

काष्ठवाद्यांच्या पंक्तींत पितळेचें पान

सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स हा बेल्जियममधील दिनां या गांवीं १८१४ सालीं जन्मला. त्याचा पिताहि वाद्यें घडविणारा होता. पुढें तो पॅरिस येथें स्थायिक झाला, व १८४६ सालीं फ्रान्समध्यें त्यानें या नव्या वाद्याचें पेटंट मिळविलें. वाद्य पितळेचें, परंतु मौज अशी कीं, पाश्चात्त्य वाद्यवृंदांत त्याला पितळी वाद्यांच्या पंक्तींत बसवीत नाहींत, तर क्लॅरिनेट, ओबो इत्यादि काष्ठवाद्यांच्या पंक्तींत बसवितात. याचें कारण नाद उत्पन्न करण्याची रीति. बिगुलांत वादकाचे ओंठ थरथरतात. सॅक्सोफोनमध्यें माउथपीसला बांधलेली बोरूच्या जातीच्या वनस्पतीची पातळ पत्ती थरथरते, आणि नळीवरील छिद्रें उघडून-झांकून स्वर काढले जातात. चांदीची केलेली आधुनिक बांसरीदेखील अशीच काष्ठवाद्यांत गणली जाते. म्हणजे वर्गीकरण करणाऱ्यांनीं द्रव्याला फारसें महत्त्व दिलें नाहीं, हें आरंभींच ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्याकडेहि हें वाद्य आतां परकें राहिलेलें नाहीं. गोमंतकीय वादकांनीं मुंबईच्या हॉटेलांतील व पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्याला स्थान मिळवून दिलें. हिंदी चित्रपटगीतांतून मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन घरोघर ऐकूं गेला. ते २०१० सालीं निवर्तले. कर्नाटक पद्धतीचें रागसंगीत याच वाद्यावर वाजवून कद्री गोपालनाथ यांनीं मोठी कीर्ति मिळविली. त्यांचें निधन २०१९ सालीं झालें. लग्नाच्या वरातींतील बँडमध्यें तर तें आपण कितीदां तरी पाहिलें असेल.

मानेकडे कोणतें काम असतें?

सनईप्रमाणें सॅक्सोफोनची पोकळीहि शंकूच्या आकाराची असते. तोंडाशीं ती अरुंद असून कर्ण्याकडे रुंद होत जाते. आल्टो जातीचा सॅक्सोफोन घेतला तर त्याची नळी साधारण एक मीटर लांब भरेल, आणि तींत मानेचा वाटा सुमारें पंचमांश. मानेच्या आरंभीं आंतील व्यास अवघा १२ मिलिमीटरच्या आसपास, तर कर्ण्याच्या तोंडाशीं तो १२ सेंटिमीटरच्या आसपास असतो. वाद्याच्या सर्वांत अरुंद भागाचा ताबा असा मानेकडे असतो, आणि तिचें सारें महत्त्व या अरुंदपणांत आहे.

थोडें गणित करून पाहूं. १२ मिलिमीटर व्यासाच्या ठिकाणीं कारागिराच्या हातून दोन-दशांश मिलिमीटर अधिक कोरलें गेलें, तर तेथील छेदाचें क्षेत्रफळ शेंकडा ३.४ नें वाढतें. तितकीच चूक कर्ण्याच्या तोंडाशीं झाली, तर वाढ शेंकडा ०.३ हून फारशी अधिक होत नाहीं. म्हणजे जी चूक खालच्या टोंकाला कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं, ती मानेंत दहापट मोठी होऊन बसते. कागदाच्या दोन पदरांइतकी जाडी मानेंत कमी-अधिक झाली तरी एखादा स्वर चढूं शकतो, एखादा उतरूं शकतो, आणि एखादा हट्टी होऊन लवकर बोलत नाहीं.

मानेकडे आणखी दोन कामें असतात. शंकूचें अणकुचीदार टोंक तोंडांत धरून फुंकतां येत नाहीं, म्हणून तें कापून टाकलेलें असतें. त्या कापलेल्या टोंकांत जितकी हवा मावली असती, सुमारें तितकीच हवा माउथपीसच्या पोकळींत असावी लागते. तरच वरचें व खालचें सप्तक एकमेकांशीं जुळतें. हा हिशेब जमावा म्हणून मानेच्या टोंकावर बूच चढविलेलें असतें, व वादक त्यावर माउथपीस पुढें-मागें सरकवून सूर लावतो. दुसरें काम सप्तक बदलण्याचें. मानेवर एक बारीक छिद्र असतें. वरच्या सप्तकाच्या उत्तर भागांतील स्वर वाजवितांना तें आपोआप उघडतें. हें छिद्र किती रुंद आहे, कोठें आहे, त्यावरची गादी नीट बसते कीं नाहीं, यावर त्या स्वरांची स्वच्छता अवलंबून असते.

तंबोरा आणि सनई

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. तंबोऱ्याची तार छेडली असतां तारेनें स्वतः हलविलेली हवा फारच थोडी असते. तारेचें कंपन घोडीमार्गें तबलीला व भोपळ्याला मिळतें, आणि तो सारा देह थरथरून आपल्या कानांपर्यंत नाद पोंचवितो. म्हणून मिरजेचे कारागीर भोपळा पारखून घेतात व तबलीचें लाकूड निवडतांना घाई करीत नाहींत. तेथें द्रव्य हेंच नाद देणारें शरीर असतें.

फुंकून वाजविण्याच्या वाद्यांत हा संबंध उलटा असतो. तेथें थरथरणारें शरीर म्हणजे नळींत कोंडलेली हवा. पत्ती ही त्या हवेच्या दारावरील द्वारपाळ. ती किती वेळां उघडावी व मिटावी हें मुख्यतः हवेचा स्तंभच तिला सांगतो. नाद बाहेर पडतो तो उघड्या छिद्रांतून व कर्ण्यांतून. नळीच्या भिंतींतून नव्हे. भिंतीचें काम हवेला आकार देण्याचें. घागर तांब्याची असो वा मातीची, आंतून घडण सारखी असली तर पाण्याला येणारा आकार सारखाच. मात्र घागर गळकी नसावी. त्याचप्रमाणें नळीची भिंत ताठ, निर्वात व गुळगुळीत असावी लागते. या तीन अटी पाळल्या गेल्या तर ती भिंत कशाची आहे, याची हवेला फारशी चौकशी नसते.

हल्लीं कितीतरी विद्यार्थी पाणी नेण्याच्या प्लॅस्टिकच्या पाइपाची बांसरी करून तिच्यावर सराव करतात. मापें बरोबर धरलीं असलीं तर ती सुरांत बोलते. मग ती वेळूची नाहीं हें कानापेक्षां डोळ्यांनाच अधिक जाणवतें.

दोन आचार्य, दोन मतें

हा वाद आजचा नव्हे. स्वतः सॅक्सचें मत असें होतें कीं, वाद्याचा गुण त्यांतील हवेच्या स्तंभाच्या प्रमाणांवर ठरतो. भिंत कशाची आहे यावर ठरत नाहीं. उलट त्याच काळीं म्यूनिक येथें आधुनिक बांसरीला रूप देणारा थिओबाल्ट बोम याचें मत निराळें होतें. तो निष्णात बांसरीवादक असून सोनारकामहि शिकलेला होता. १८४७ सालीं त्यानें सारख्या रुंदीच्या पोकळीची नवी बांसरी सिद्ध केली, आणि नळीच्या द्रव्याचा कठीणपणा व जाडी यांचा नादावर परिणाम होतो, असें त्यानें आग्रहानें मांडलें. दोघेहि आपापल्या विद्येंत आचार्य. तेव्हां निर्णय प्रयोगावांचून होणें शक्य नव्हतें.

पहिला गाजलेला प्रयोग अमेरिकन पदार्थविज्ञानी डेटन मिलर याचा. यालाहि बांसऱ्यांचें इतकें वेड होतें कीं, त्यानें जन्मभर जमविलेला सुमारें सतराशें बांसऱ्यांचा संग्रह १९४१ सालीं त्याच्या मृत्यूनंतर वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाकडे गेला. १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यानें ऑर्गनच्या नळ्यांवरील प्रयोग वर्णिले आहेत. जस्ताच्या पातळ पत्र्याची दुहेरी भिंत असलेली एक नळी त्यानें केली व दोन भिंतींमधील जागेंत पाणी भरलें. पाणी भरत जाई तसतसा तिचा नाद पालटे. यावरून द्रव्याचा परिणाम होतो, असा त्यानें निष्कर्ष काढला, आणि बोमच्या पक्षाला मोठा आधार मिळाला.

परंतु पुढच्या संशोधकांनीं एक गोष्ट दाखवून दिली. ती नळी चौकोनी होती व तिचा पत्रा फार पातळ होता. चौकोनी डब्याची सपाट बाजू आंगठ्यानें दाबली तर आंत जाते. तितक्याच पातळ पत्र्याची गोल नळी तशी दबत नाहीं. मिलरच्या नळीच्या भिंती हवेच्या दाबानें डोलत होत्या. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट व बांसरी यांच्या नळ्या गोल असल्यामुळें त्यांना हा न्याय जसाच्या तसा लागू पडत नाहीं.

१९६४ सालीं जॉन बॅकस यानें क्लॅरिनेटच्या भिंतीचीं कंपनें प्रत्यक्ष मोजलीं, आणि नादाच्या मानानें तीं नगण्य आहेत असें सिद्ध केलें. १९७१ सालीं जॉन कोल्टमन यानें आणखी सरळ मार्ग धरला. आंतील मापें एकच ठेवून त्यानें तीन साध्या बांसऱ्या केल्या: एक पातळ चांदीची, एक जाड तांब्याची व एक लाकडाची. फुंकण्याचा भाग तिहींना एकसारखा, प्लॅस्टिकचा बसविला. मग ऐकणाऱ्यांस पाठमोरे बसवून, आणि वाजविणाऱ्यांसहि हातीं कोणती आहे हें कळूं न देतां, परीक्षा घेतली. ऐकणारांना किंवा वाजविणारांना कोणालाहि द्रव्य ओळखतां आलें नाहीं. २००१ सालीं व्हिएन्ना येथील संशोधकांनीं याहून खर्चिक प्रयोग केला. एकाच नमुन्याच्या, परंतु चांदीपासून सोनें व प्लॅटिनमपर्यंत निरनिराळ्या धातूंच्या सात बांसऱ्या त्यांनीं सात व्यवसायी वादकांकडून वाजवून घेतल्या. वादक बदलला कीं नाद स्पष्ट बदले. धातु बदलला तर तो फरक ओळखूं येत नसे.

सॅक्सोफोनपुरतें एक प्रसिद्ध उदाहरण द्यावयाचें तर तें जॅझचा महान वादक चार्ली पार्कर याचें. १५ मे १९५३ रोजीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं, मॅसी हॉलमध्यें, त्यानें जी मैफल गाजविली तींत त्याच्या हातीं पितळेचा सॅक्सोफोन नव्हता. इंग्लंडमध्यें तयार होणारा, पांढऱ्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या शरीराचा ‘ग्राफ्टन’ सॅक्सोफोन तो वाजवीत होता. त्या मैफलीचें ध्वनिमुद्रण जॅझच्या रसिकांत आजहि मान पावतें, आणि तें ऐकणाऱ्याला प्लॅस्टिकची आठवण होत नाहीं, पार्करची होते.

मग फरक कां पडतो?

येथें लाकडी मानेचा अभिमानी वादक म्हणेल, ‘तुमचे प्रयोग तुमच्यापाशीं असूं द्या. मीं पितळेची मान काढून लाकडाची बसविली, आणि पहिल्या फुंकेंतच फरक पडला. माझे कान खोटे काय?’ त्याचे कान खोटे नाहींत. फरक खरोखर पडतो. चूक होते ती कारण शोधण्यांत.

पहिलें कारण पोकळीचें माप. पितळेची नळी सांच्यावर चढवून वांकवितां येते. लाकूड तसें वांकत नाहीं. म्हणून कारागीर लाकडाचे सरळ तुकडे कोरून कोन साधून जोडतो, नाहीं तर दोन अर्ध्या कोरून एकमेकींस चिकटवितो. कोणत्याहि रीतीनें केली तरी ही पोकळी मूळ पितळी मानेची तंतोतंत प्रत होणें कठीण; पुष्कळदां कारागीर मुद्दामच तिला निराळा आकार देतो. दोन-दशांश मिलिमीटरचें गणित वर केलेंच आहे. दोन माना लाकडाच्या व पितळेच्या असण्याआधीं त्या दोन निराळ्या आकारांच्या माना असतात, हें ध्यानांत आलें म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. पितळेच्याच दोन मानांतहि असाच फरक पडतो, तो याच कारणानें.

दुसरें कारण सांध्याचें व गादीचें. पुष्कळ वर्षें वापरलेल्या वाद्याची मान सांध्यांत सैल झालेली असते, बूच सुकलेलें असतें, सप्तकाच्या छिद्रावरची गादी झिजलेली असते. तेथून केंसाएवढ्या फटीनें हवा निसटली तरी खालचे स्वर घोगरे होतात व मृदु फुंकेला दाद देत नाहींत. नवी मान कारागिरानें घट्ट बसवून दिलेली असते, बूच व गादी नवीं असतात. फुंक तात्काळ उमटूं लागली तर त्याचें श्रेय लाकडाला जातें; वास्तविक तें पुष्कळदां दुरुस्तीला द्यावयास हवें.

तिसरें कारण गुळगुळीतपणाचें. लाकडाला सूक्ष्म रंध्रें असतात. तीं तेल किंवा रोगण देऊन बुजविलीं नाहींत तर भिंतीला घांसून जाणाऱ्या हवेची थोडी शक्ति तेथें खर्च होते. आणि असा अपव्यय झाला कीं वरचे बारीक उपस्वर मंदावतात. वादकाला हा नाद ‘मऊ’ वाटूं शकतो. येथें द्रव्याचा संबंध येतो हें खरें; पण तो पृष्ठभागाच्या द्वारें येतो, आणि लाकूड नीट घोटून रोगण दिलें कीं तोहि बराचसा संपतो.

चौथें कारण उष्णतेचें. हवा सेल्सिअसच्या एका अंशानें तापली कीं ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ०.६ मीटरनें वाढतो. वाद्यांतील सारी हवा दहा अंशांनीं तापली, तर सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानें चढेल. पितळ लाकडापेक्षां शेंकडों पटींनीं अधिक उष्णतावाहक असते. थंडीच्या दिवसांत पहांटे पितळेची मान तोंडांतील ऊब झपाट्यानें ओढून घेते, तिच्या आंत पाण्याचे थेंब जमतात, व कधीं कधीं तेच सप्तकाच्या छिद्रांत शिरून स्वर बुडबुडवितात. लाकडाचा आंतील पृष्ठभाग लवकर उबदार होतो. आरंभींचीं कांहीं मिनिटें लाकडी मान अधिक समाधान देते, त्याचा हा एक भाग असूं शकेल. वाद्य एकदां तापलें कीं हा फरक उरत नाहीं.

पांचवें कारण वादकाच्या शरीराचें. सॅक्सोफोन वाजवितांना वरचे दांत माउथपीसवर टेंकलेले असतात, आणि वाद्याची थरथर दांतांतून कवटीच्या हाडांमार्गें थेट कानांत जाते. मानेचें वजन व ताठपणा बदलला तर ही थरथर बदलणें शक्य आहे. ती वादकाला जाणवेल. समोर बसलेल्या श्रोत्याला मात्र तिचा पत्ता लागणार नाहीं. स्वतःच्या वाद्याविषयीं वादकाचें मत व श्रोत्याचें मत पुष्कळदां जुळत नाहीं, त्याचें हेंहि एक कारण असावें.

सहावें कारण मनाचें. पैसे मोजून आणलेली, तेल पाजून चकचकीत केलेली, काळीभोर लाकडी मान हातीं आली कीं वादक अधिक लक्ष देऊन वाजवितो, श्वास भरून घेतो, ओंठ सांवरतो. नाद सुधारतो तो खराच; पण सुधारणारा तो स्वतः असतो.

शास्त्राची मर्यादा

येवढ्यावरून द्रव्याचा परिणाम सर्वत्र शून्य असतो असें म्हणणें मात्र अतिरेकाचें होईल. मिलरच्या पातळ चौकोनी नळीचें उदाहरण वर आलेंच आहे. ट्रंपेटसारख्या वाद्यांच्या पातळ पत्र्याच्या कर्ण्याचीं कंपनें दाबून धरलीं तर नादांत लहानसा, परंतु मोजतां येण्याजोगा फरक पडतो, असेंहि पुढील संशोधनांत आढळून आलें. म्हणजे भिंत रुंद, पातळ व सहज लवणारी असेल तेथें द्रव्याला थोडी वाचा फुटते. सॅक्सोफोनची मान याच्या अगदीं उलट असते. ती आंखूड, अरुंद व गोल, म्हणून संबंध वाद्यांत ताठ भागांपैकीं एक. द्रव्याला बोलण्याची संधि जर कोठें कमी असेल तर ती तेथें. आणि आकाराला बोलण्याची संधि जर कोठें अधिक असेल तर तीहि तेथेंच. लाकडी मानेसंबंधींचा सारा घोटाळा या योगायोगांतून निघाला आहे. जो भाग बदलला असतां सर्वांत अधिक फरक पडतो, तोच भाग निराळ्या द्रव्याचा केला गेला, आणि फरकाचें श्रेय द्रव्यानें घेतलें.

लाकडाचा विचार

फुंकवाद्यांच्या कामीं सर्वांत अधिक नांवाजलेलें लाकूड म्हणजे पूर्व आफ्रिकेंतील ‘म्पिंगो’. क्लॅरिनेट व ओबो पुष्कळ काळापासून याचेंच होत आले आहेत. तें इतकें घन असतें कीं पाण्यांत बुडतें. तरी पितळ त्याच्या सहा-सातपट जड भरते. हें झाड आपल्या सह्याद्रींतील शिसवीचें सख्खें भावंड आहे. त्याचें शास्त्रीय नांव डाल्बर्जिया मेलॅनोझायलॉन, तर शिसवीचें डाल्बर्जिया लॅटिफोलिया. टांझानिया व मोझांबिक येथील रानांत तें अतिशय सावकाश वाढतें. वाद्याजोगें लाकूड मिळावयास दोन-तीन पिढ्या वाट पाहावी लागते. या कुळांतील लाकडांची लूट होऊं लागल्यामुळें ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय करारानें २ जानेवारी २०१७ पासून सबंध डाल्बर्जिया कुळाच्या व्यापारावर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यें व त्यांचे तयार भाग यांना सूट देण्यांत आली. आजोबांनीं लावावें व नातवानें तोडावें अशा झाडाचा तुकडा आपण विकत घेत असतों, तेव्हां तो खरोखर लागतो म्हणून घ्यावा, हें सांगणें न लगे.

हवामानाचाहि विचार करावा. कोंकणच्या पावसाळ्यांत लाकूड फुगतें, देशावरच्या कोरड्या हिंवाळ्यांत तें आकसतें व कधीं तडकतें. ज्या पोकळींत दोन-दशांश मिलिमीटरला महत्त्व, ती ऋतूबरोबर बदलूं लागली तर वादकाची पंचाईत होते. वाजवून झाल्यावर मान आंतून पुसणें, वेळोवेळीं तेल देणें, उन्हांत न ठेवणें, ही सेवा पितळेच्या मानेला इतकी लागत नाहीं.

घरच्या घरीं परीक्षा

आतां व्यवहाराचें बोलूं. घरांतील विद्यार्थ्याला लाकडी मान हवीशी वाटत असेल, तर प्रथम जुनी मान तपासावी. तिचें रुंद टोंक व सप्तकाचें छिद्र नीट बंद करून अरुंद टोंकानें हलकेच फुंकावें. हवा कोठून निसटली तर बूच, गादी किंवा सांधा दुरुस्त करून घ्यावा. या खर्चांत पुष्कळदां तोच गुण पदरांत पडतो, जो लाकडापासून अपेक्षिलेला असतो.

तरीहि मन राहिलें नाहीं, तर नवी मान परत करण्याच्या अटीवर थोडे दिवस आणावी, आणि परीक्षा घरींच करावी. माउथपीस व पत्ती एकच ठेवावी. दोन्ही माना बसविल्यावर सूर सारखा लावून घ्यावा, कारण किंचित चढा सूर कानाला नेहमीं अधिक तेजस्वी भासतो. वाद्य आधीं तापवून घ्यावें. नाणें उडवून कोणती मान बसवावयाची तें दर वेळीं ठरवावें; वाजविणारानें पडद्याआड बसावें, आणि घरच्यांनीं बाहेर बसून ‘लाकूड’ कीं ‘पितळ’ तें कागदावर लिहावें. एकमेकांच्या कागदांत डोकावूं नये. आजोबा, काका, काकू, भावंडें. एकत्र कुटुंबांत परीक्षकांची वाण नसते. असे दहा फेरे करावे. केवळ नशिबानें दहांपैकीं आठ किंवा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव एका परीक्षकापुरता सुमारें अठरांत एक असतो. म्हणून एखाद्यानें आठ बरोबर सांगितलीं तर दुसऱ्या दिवशीं त्याचीच पुन्हां परीक्षा घ्यावी. दुसऱ्या दिवशींहि तो टिकला तर दोन मानांत श्रोत्याला कळण्याजोगा फरक आहे असें समजावें.

मात्र तो फरक आहे एवढेंच तेव्हां सिद्ध होईल. तो लाकडामुळें आहे हें सिद्ध होणार नाहीं. त्या विशिष्ट मानेचा आकार त्या विशिष्ट वाद्याला अधिक मानवला, इतकाच त्याचा अर्थ. तेव्हां घ्यावयाची तर तीच मान घ्यावी. तिच्यासारखी दिसणारी, त्याच लाकडाची दुसरी मान टपालानें मागवूं नये, कारण लाकूड तेंच असलें तरी आंतील पोकळी तीच असेल याची हमी नाहीं. आणि दुकानांत त्याच रचनेची पितळेची मान कमी किमतीस मिळत असेल, तर तीहि याच पडद्याआडून एकदां ऐकून पाहावी.